अकरा घरांचा महिना

काकांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला, टेबलावर तळव्याने सपाट केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीभोवती निळ्या पेनाने दोनदा गिरवलेलं वर्तुळ होतं. 'विकल्या गेलेल्या घरांच्या किमतीचा मध्यक गेल्या महिन्यापेक्षा २४ टक्क्यांनी वर.' समोरच्या एजंट मुलीला ते म्हणाले, "मग माझ्याही घराचे तेवढे वाढवून लाव." ती लगेच काही बोलली नाही. खिडकीबाहेर धुकं उतरत होतं, समोरचा डोंगर निम्मा पुसला गेला होता आणि त्या पुसलेल्या भागातच कुठेतरी काकांचं घर होतं. कागद खोटा नव्हता. आकडा नीट मोजलेला होता, टक्केवारी बरोबर होती. तरीही त्या महिन्यात त्या गावात एकही घर २४ टक्क्यांनी महाग झालं नव्हतं. उलट झाडून सगळ्या घरांचा भाव थोडा उतरलाच होता. खोटं कुणीच बोललं नव्हतं, आणि एक म्हातारा माणूस मात्र त्या आकड्यावर आपली उरलेली वर्षं बेतायला निघाला होता. ही गोष्ट मनातून जाईना.

डोंगरातल्या छोट्या शहराचा घरबाजार समजून घ्यायचा तर आधी त्याचं आकारमान डोळ्यांसमोर आणायला हवं. एक नदी किंवा ओढा, त्याच्या काठाने जुनी वस्ती, वर चढत जाणारे तीन-चार रस्ते, मधल्या उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली घरं आणि अगदी वर, डोंगराच्या खांद्यावर, मोठ्या काचांची ऐसपैस घरं. सगळी मिळून काही हजार. त्यांतली वर्षाला शंभर-सव्वाशे विकली जातात, म्हणजे महिन्याला दहाच्या आसपास. सपाटीवरच्या मोठ्या शहरात एका महिन्यात चारशे व्यवहार होतात आणि त्यांचा मध्यक काढतात, तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो. छोट्या शहराचा मासिक अहवाल त्याच साच्यात बसवलेला असतो. तेच रकाने, तोच बाण, वर गेला की हिरवा, खाली आला की लाल. चारशे घरांसाठी शिवलेला सदरा दहा घरांच्या अंगावर घातलेला असतो, आणि तो लोंबतो आहे हे कागदावर दिसत नाही.

मध्यक म्हणजे काय हे शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. किमती चढत्या क्रमाने मांडायच्या आणि मधली उचलायची. सरासरीपेक्षा तो बरा, कारण एखादा बंगला भलत्याच किमतीला गेला तरी मधली किंमत फारशी हलत नाही. पण त्याला एक गोष्ट कळत नाही. एखादं घर महाग झालं की महागडी घरं जास्त विकली गेली, हा फरक तो करू शकत नाही. काकांच्या गावाचंच गणित मांडून पाहू. चलनाची भानगड नको, म्हणून आधीच्या महिन्यातल्या मधल्या घराची किंमत १०० धरू आणि बाकीची घरं त्या मापात मोजू. त्या महिन्यात अकरा घरं गेली: ६२, ७०, ७८, ८४, ९१, १००, १०८, १२०, १३५, १६०, २४०. सहावं घर मधलं, मध्यक १००. पुढच्या महिन्यात बाजार थोडा थंडावला, व्याज वाढलं, आणि प्रत्येक घराचा भाव ३ टक्क्यांनी खाली आला. त्याच महिन्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. ओढ्याकाठची तीन लहान घरं, म्हणजे ६२, ७० आणि ७८ च्या तोडीची, घेणाऱ्यांचं कर्ज अडकल्यामुळे गेली नाहीत. आणि वरचा रस्ता मोकळा झाल्यामुळे खांद्यावरची दोन मोठी घरं, २१० आणि २२५ ची, एकदाची नोंदली गेली. बाकीची आठ त्याच तोडीची. आता दहा घरांची यादी होते ८४, ९१, १००, १०८, १२०, १३५, १६०, २१०, २२५, २४०. मधली दोन १२० आणि १३५, त्यांची मधली किंमत १२७.५. त्यातून ३ टक्के वजा केले की उरतात १२३.७.

म्हणजे २४ टक्के वाढ. प्रत्येक घर ३ टक्क्यांनी स्वस्त झालेलं असताना.

इथे कुणी म्हणेल, मग सरासरी घ्या. ती तर याहून फसवी निघते. आधीच्या महिन्याची सरासरी ११३.५ आणि नंतरची १४२.९, म्हणजे २६ टक्के वाढ. दर चौरस फुटाचा भाव काढला तर मोठ्या-लहान घरांचा गोंधळ थोडा कमी होतो, पण डोंगरात त्याच्यावरही फार विसंबता येत नाही. लहान घराचा चौरस फूट मोठ्या घरापेक्षा महाग पडतो, कारण स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाया आणि रस्ता दोघांनाही लागतोच. शिवाय उतारावर बांधलेल्या घराचा खालचा अर्धा मजला, ज्याची मागची भिंत डोंगरातच गेलेली असते, तो क्षेत्रफळात धरायचा की नाही यावर दोन कागदांत दोन उत्तरं सापडतात. एकाच घराचा दर त्यामुळे सहज वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो.

अकरा घरांचा मध्यक किती भरवशाचा, हे पाहायला संगणक लागत नाही. कागद-पेन्सिलीने जमणारी एक रीत आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. अकरा किमती क्रमाने मांडल्यावर तळापासून तिसरी आणि वरून तिसरी अशा दोन किमतींवर खूण करायची. ही अकरा घरं म्हणजे बाजाराचा यदृच्छेने हाती आलेला नमुना आहे असं धरलं, तर बाजाराची खरी मधली किंमत या दोन खुणांच्या मध्ये असण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के. आपल्या यादीत त्या खुणा पडतात ७८ आणि १३५ वर. आकडा छापला १००, आणि त्याचा खरा अर्थ होता '७८ ते १३५ मध्ये कुठेतरी'. पुढच्या महिन्याचा १२४ याच पट्ट्यात आरामात बसतो. अहवालात आकड्याशेजारी हा पट्टा छापला असता तर काकांनी त्याभोवती वर्तुळ काढलं नसतं. नमुना लहान झाला की आकडा किती डोलतो याचं सूत्र अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दिलेलं आहे: डोलणं नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. डोलणं निम्मं करायचं तर घरं चौपट हवीत. अकरा घरांच्या शहराला चारशे घरांच्या शहराइतका स्थिर आकडा हवा असेल तर तीन वर्षांची विक्री एकत्र करावी लागेल. हे कटू आहे, पण यातून पळवाट नाही.

आणि नमुना यदृच्छेनेही आलेला नसतो. कोणत्या महिन्यात कोणती घरं विकली जाणार हे डोंगरात हवामान ठरवतं. बर्फ पडणाऱ्या गावात थंडीतली विक्री म्हणजे खालच्या वस्तीतली विक्री, कारण वरच्या रस्त्यावर घर दाखवायला न्यायचं तर आधी साखळ्या लावलेली गाडी हवी, मग फावडं. बर्फाखाली गेलेल्या सेप्टिक टँकचं झाकण सापडत नाही, त्यामुळे त्याची तपासणी होत नाही, त्यामुळे सावकार पैसे सोडत नाही. छपराची पाहणीही तशीच राहते. जिथे बर्फाऐवजी पाऊस कोसळतो तिथे दरडीच्या दिवसांत कुणी मोठी रक्कम घेऊन घाट चढत नाही, आणि ओल कुठून येते हे पाहायला खरं तर तोच सगळ्यात चांगला काळ असतो. मग हवा उघडते. शेवाळलेल्या पायऱ्या घासल्या जातात, दारांना रंग लागतो, बंद घरांच्या खिडक्या उघडतात आणि कोंडलेल्या लाकडाचा, नॅफ्थलीनच्या गोळ्यांचा वास रस्त्यावर येतो. दोन-तीन महिन्यांत खांद्यावरची सगळी मोठी घरं एकदम बाजारात येतात. मध्यक वर उडी मारतो, आणि दरवर्षी त्याच महिन्यांत 'बाजार तापला' अशी ओळ छापली जाते.

यावर मोठ्या शहरांत हंगामाचा परिणाम वजा करून आकडा देतात. त्यासाठी अनेक वर्षांची मासिक आकडेवारी लागते आणि हंगाम दरवर्षी साधारण त्याच वेळी यावा लागतो. डोंगरात रस्ता एका वर्षी तीन आठवडे लवकर मोकळा होतो, दुसऱ्या वर्षी दरड पडून महिनाभर बंद राहतो. दहा घरांतून हंगाम वजा करणं म्हणजे चिमूटभर पिठातून कोंडा पाखडणं. त्यापेक्षा सरळ मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना बरी, आणि तीही एका महिन्याची नको. मागच्या बारा महिन्यांची सगळी विक्री एकत्र करून मध्यक काढावा, पुढच्या महिन्यात एक महिना जोडावा, एक सोडावा. असा सरकता आकडा सावकाश बोलतो. वळण आलेलं त्याला चार-सहा महिने उशिराने कळतं, पण तो ओरडत नाही.

तारखांचाही एक घोळ आहे. कागदावर जो महिना लिहिलेला असतो तो खरेदीखत नोंदल्याचा. किंमत त्याच्या बऱ्याच आधी ठरलेली असते. विसार दिला, मग कर्जाची फाइल, मग मोजणी, मग पाहणी, मग कागदपत्रांची छाननी, यात महिना-दोन महिने सहज जातात. डोंगरात तर हद्दीचा दगड सापडत नाही म्हणून, किंवा विहिरीपर्यंतची वाट दुसऱ्याच्या जागेतून जाते म्हणून आणखी महिना. काकांच्या हातातला आकडा अशा तऱ्हेने तीन महिन्यांपूर्वीच्या बाजाराचा होता. वर्तमानाची चाहूल हवी असेल तर विसार झालेल्या घरांची संख्या पाहावी, आणि त्यांतले किती व्यवहार मोडले तेही विचारावं. मोडलेल्या व्यवहारांची कारणं हा तर बाजाराचा खरा आरसा असतो. कर्ज नाकारलं, मूल्यांकन कमी आलं, पाहणीत काही निघालं, या तिन्हींचा अर्थ तीन वेगळ्या दिशांना जातो.

अहवालात आणखी एक आकडा असतो, शिल्लक साठ्याचा. विक्रीला लागलेली घरं भागिले महिन्याची विक्री. ४४ घरं लागली आहेत आणि ११ विकली गेली, म्हणजे नवीन घर आलं नाही तर चार महिन्यांत बाजार रिकामा. सर्वसाधारण ठोकताळा असा की सहा महिन्यांच्या आसपास साठा असला तर बाजार समतोल, त्याच्या बराच खाली गेला तर विकणाऱ्याचा वरचष्मा, बराच वर गेला तर घेणाऱ्याचा. आता थंडीच्या एका महिन्यात चारच घरं गेली. ४४ भागिले ४, साठा थेट अकरा महिन्यांवर. एकाही मालकाने भाव सोडलेला नाही, एकही नवीन घर आलेलं नाही, आणि कागद म्हणतो बाजार कोसळला. महिन्याला सरासरी नऊ घरं विकली जात असतील तर नुसत्या योगायोगानेही ती कधी सहा, कधी बारा होणार, यात बातमी काही नाही. म्हणून भाजक वर्षाचा घ्यावा. वर्षात १०८ घरं गेली तर महिन्याला ९, आणि ४४ घरांचा साठा ४.९ महिन्यांचा. हाच आकडा पुढच्या वर्षी सात झाला तर मात्र खरंच काही तरी हललं आहे.

घर बाजारात किती दिवस राहिलं, या आकड्याबद्दल तर विशेष सावध राहावं लागतं. तो फक्त विकल्या गेलेल्या घरांचा असतो. दोन वर्षं फलक लावून उभं असलेलं घर त्यात नसतंच. ते विकलं जाईल त्या महिन्यात मात्र दिवसांचा आकडा एकदम फुगेल, म्हणजे बाजार सुधारल्याची खूण कागदावर बिघडल्यासारखी दिसेल. शिवाय थंडीत मालक घर बाजारातून काढून घेतात आणि हवा उघडली की नव्या फोटोंसह पुन्हा लावतात. मोजणी पुन्हा शून्यापासून. फोटोत पायरीवर फुलं असतात, पण त्याच घराचे जुने फोटो शोधले तर पायरीवर बर्फ दिसतो. तसंच 'मागितलेल्या किमतीच्या ९८ टक्के मिळाले' या ओळीचं. घर १२० ला लागलं, ११० वर आणलं, १०८ ला गेलं. शेवटच्या मागणीच्या ९८ टक्के खरंच मिळाले, पण पहिल्या मागणीच्या ९०. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय बाजाराची नाडी लागत नाही.

पण या सगळ्या अंकगणिताच्या खाली डोंगर आहे, आणि मला नेहमी वाटतं की खरी गोष्ट तिथेच आहे. एकाच रस्त्यावरची, एकाच वर्षी एकाच गवंड्याने बांधलेली दोन घरं घ्या. एक वळणाच्या अलीकडे, एक पलीकडे. उत्तर गोलार्धात, ३५ अक्षांशावर, डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१-३२ अंश वर येतो. उत्तरेकडे तोंड करून उतरणारा डोंगर त्याहून तीव्र असेल तर तिथल्या घरावर त्या दिवसांत उन्हाची तिरीपही पडत नाही. पलीकडच्या घराच्या ओट्यावर पापड वाळतील आणि अलीकडच्या घराच्या पायरीवरचं दव दुपारपर्यंत हलणार नाही. आत शिरलं की भिंतीचा गारवा आधी हाताला लागतो, मग ओल्या चुन्याचा वास. सरपण, वीज, रंग, छपराचं आयुष्य, सगळ्याचा हिशेब वेगळा. उंचीचंही असंच. दर शंभर मीटरला हवा सुमारे ०.६५ अंशाने थंड होते, म्हणून वरचं घर गारच असणार असं वाटतं. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जड गार हवा पाण्यासारखी खाली ओघळून दरीच्या तळाशी साचते, आणि मधल्या उतारावरची घरं तळाच्या घरांपेक्षा उबदार राहतात. जुन्या लोकांनी वस्ती कुठे केली हे पाहिलं की कळतं, त्यांना हे ठाऊक होतं. मूल्यांकन करणाऱ्याच्या तक्त्यात उन्हासाठी रकाना नसतो. त्याला गेल्या सहा महिन्यांतली तीन सारखी घरं हवी असतात, आणि अशा गावात तीन सारखी घरं नसतातच. मग तो वळणापलीकडचं घर घेतो.

उतारावरच्या घराची पाहणी घरापासून सुरू करूच नये. ती घराच्या मागच्या रिटेनिंग वॉलपासून, म्हणजे डोंगराची माती थोपवणाऱ्या भिंतीपासून करावी. तिला पाणी निचरायची भोकं आहेत का, आणि पावसानंतर त्यांतून पाणी येतं का, हे आधी बघायचं. पावसातही भोकं कोरडी असतील तर आनंद मानू नये. बहुतेक वेळा मागे खडी नसते किंवा ती मातीने भरून गेलेली असते आणि पाणी भिंतीमागे तुंबतं. तीन मीटर उंच तुंबलेलं पाणी दर मीटर लांबीमागे सुमारे साडेचार टनांनी भिंत ढकलतं, मातीचा भार वेगळाच. भिंतीला पोट आलेलं दिसतं, वरची कड सुतात राहत नाही, आडवी चीर पडते. मग घरात जावं आणि उताराकडच्या बाजूची दारं उघडून पाहावीत. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दार घासत असेल आणि त्याच भिंतीवर विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली तडा असेल, तर पाया खाली सरकत असल्याची दाट शंका घ्यावी. नवा गिलावा फक्त एकाच कोपऱ्यात का, हे विचारावं. छपराचं गणित बर्फाच्या गावात सोपं आणि भीतीदायक आहे. दबून बसलेलं बर्फ घनमीटरला अडीचशे किलोच्या घरात भरतं. शंभर चौरस मीटर छपरावर एक मीटर साचलं की पंचवीस टन. छप्पर पेलणाऱ्या कैच्या वाकल्या आहेत का हे दोरी ताणून बघता येतं, आणि ते न बघता घेतलेली घरं असतात. रस्त्यावरून दारापर्यंतचा चढ शंभरला बारा-पंधराच्या वर गेला तर गोठलेल्या सकाळी गाडी निघणार नाही, हे उन्हाळ्यात घर घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. या प्रत्येक गोष्टीची किंमत आहे, ती मोठी आहे, आणि मासिक मध्यकात ती कुठेच नाही.

घरं एकमेकांसारखी नसतात, मग भाव वाढले की नाही हे कळावं कसं, हा प्रश्न जुना आहे. त्यावरचं एक सुंदर उत्तर १९६३ मध्ये बेली, मुथ आणि नोर्स या तिघांनी मांडलं. घरांची एकमेकांशी तुलना करूच नका, प्रत्येक घराची त्याच्याशीच करा. तेच घर आधी कितीला गेलं होतं आणि आता कितीला गेलं. पुढे कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८० च्या दशकात याच कल्पनेवर आपला निर्देशांक उभा केला. पीट आइखहोल्ट्स यांनी तर ॲमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या एका कालव्याकाठच्या घरांचे १६२८ ते १९७३ पर्यंतचे व्यवहार याच पद्धतीने जोडले, आणि महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांत भाव जेमतेम दुप्पट झालेले निघाले. 'जमिनीचा भाव कधी खाली येत नाही' असं म्हणणाऱ्याने हा आलेख एकदा निवांत पाहावा, त्यात दशकांच्या दशकं खाली गेलेली आहेत. छोट्या डोंगरी शहरात ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही, कारण दहातली दोन-तीनच घरं पूर्वी नोंदणीत विकली गेलेली सापडतात, आणि त्यांतल्या एकावर मधल्या काळात मजला चढलेला असतो. पण ज्या दोन-तीन जोड्या मिळतात त्या सोन्यासारख्या. पाच वर्षांपूर्वी ८८ ला गेलेलं घर, ज्यात रंगाशिवाय काही बदललेलं नाही, ते आता १०० ला गेलं. एवढी एक ओळ संपूर्ण महिन्याच्या मध्यकापेक्षा जास्त सांगते.

म्हणून अशा गावात घर घ्यायचं किंवा विकायचं असेल त्याने अहवाल वाचावा, पण शेजारी वही ठेवावी. महिन्यातल्या प्रत्येक विक्रीला एक ओळ. कोणता रस्ता, कोणत्या टप्प्यावर, ऊन कोणत्या बाजूने, क्षेत्रफळ किती आणि त्यातलं डोंगरात गेलेलं किती, पाणी नळाचं की विहिरीचं, पहिली मागणी, शेवटची मागणी, मिळालेली किंमत, विसाराची तारीख, पूर्वीची विक्री सापडली तर ती, आणि घेणारा राहायला येणार आहे की सुट्टीला. दहा ओळींना अर्धा तास पुरतो. वर्षभरात शंभर ओळी होतात, आणि त्या वहीला मग स्वतःचा आवाज येतो. ओढ्याकाठी भाव हललेला नाही, मधल्या टप्प्यावर उन्हातल्या घरांना घेणारे थांबून आहेत, खांद्यावरची घरं दुसऱ्यांदा मागणी कमी करताहेत. एका गावात तीन बाजार असतात आणि तिन्ही एकाच दिशेने चालत असतील असं नाही.

शेवटचा रकाना, राहायला की सुट्टीला, हा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. डोंगरावरची मोठी घरं बाहेरून येणारी माणसं घेतात. ती बहुतेक वेळा कर्जाशिवाय घेतात आणि वर्षातले काही आठवडेच राहतात. त्यांची खरेदी इथल्या पगारावर ठरत नाही. व्याज वाढलं की शाळेतली शिक्षिका, रुग्णालयातला वॉर्डबॉय, रस्ता मोकळा करणारा चालक बाजारातून बाहेर पडतात, लहान घरांची विक्री थांबते, आणि उरलेल्या यादीत मोठी घरंच दिसतात म्हणून मध्यक चढतो. गावातली माणसं घराबाहेर ढकलली जाताहेत ही घटना कागदावर भाववाढ म्हणून छापली जाते. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१२ च्या सार्वमतात लोकांनी ठरवलं की कोणत्याही गावात दुसरी घरं २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि २०१६ पासून तसा कायदा लागू आहे. उपाय बरोबर की चूक यावर तिथेही भांडण झालं, कारण सुतार-गवंड्यांचं पोट त्याच घरांवर होतं. पण संध्याकाळी एखाद्या रस्त्यावर उभं राहून दिवे मोजले, चाळीस घरांत सहा दिवे दिसले, तर प्रश्न काय आहे हे कुणालाही कळतं.

इतकं सगळं असूनही तो मासिक कागद बंद व्हावा असं मला वाटत नाही. तो नव्हता तेव्हा अफवा होत्या. अमक्याचं घर इतक्याला गेलं, असं चहाच्या टपरीवर कुणी तरी सांगायचं आणि गावाचा भाव त्यावर ठरायचा. कागदाने निदान मोजायला शिकवलं. आणि विकणाऱ्याचं मन तसंही आकड्याच्या आधारावर उभं असतं. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटच्या विक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत मिळणार होती त्यांनी मागणी चढी ठेवली आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. घाटा कबूल करणं जिवावर येतं. डोंगरात यात आणखी एक भर पडते. चढी मागणी लावून उन्हाळा गेला की मधे थंडी किंवा पाऊस येतो, घर बंद राहतं, बंद घरात ओल चढते, आणि पुढच्या हंगामात तेच घर खरोखर कमी किमतीचं झालेलं असतं. २४ टक्के वाढवून लावण्याची ती खरी किंमत असते.

एजंट मुलीने काकांना समजावायला टक्केवारी वापरली नाही. तिने ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, गावाचे चार रस्ते रेघांनी काढले आणि महिन्यात विकल्या गेलेल्या दहाही घरांच्या जागी एकेक टिंब दिलं. तीन टिंबं खांद्यावर, चार मधल्या टप्प्यावर, वळणापलीकडे, दोन बाजाराजवळ, एक शाळेच्या मागे. काकांनी चष्मा वर केला, कागद जवळ ओढला आणि बोटाने आपल्या रस्त्यावरून वर जात राहिले, ओढ्यापासून वळणापर्यंत. मग पुन्हा खालून.

"आमच्या बाजूला एकही नाही गं?"

"नाही काका. या महिन्यात एकही नाही. गेल्या वर्षभरात दोन झाली. ती दाखवते."

तिने वही उघडली. काकांनी आपला कागद चौघडी करून खिशात ठेवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.